कराटे की ज्युदो, हा प्रश्न नंतरचा

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की सोसायटीच्या गेटवर आणि शाळेच्या कुंपणावर कराटे, तायक्वांदो, ज्युदोच्या क्लासचे फलक लागतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांचे आईवडील चौकशीला जातात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, यातलं चांगलं कोणतं? प्रश्न गैरलागू नाही, पण तो पहिला असू नये. मूल शांत होईल की दांडगट, त्याचं शरीर घडेल की दुखावेल, हे कलेच्या नावावर फारसं ठरत नाही. शिकवणारा माणूस तासभर मुलांशी कसा वागतो, यावर ते ठरतं. या क्लासेसबद्दलचे आपल्याकडचे बहुतेक गैरसमज एवढी एक गोष्ट नजरेआड केल्यामुळे पसरले आहेत.

मारामारी शिकवली तर पोर मारकुटं होईल, असं काही घरांत मानतात. दुसऱ्या घरांत नेमका उलटा विश्वास असतो, पोरगं फार वांड आहे, कराटेला घाला म्हणजे सरळ येईल. संशोधन पाहिलं तर दोघांच्याही बाजूनं पुरावा सापडतो. अमेरिकेत मायकेल ट्रल्सन यांनी १९८६ साली एक छोटा पण बोलका अभ्यास प्रसिद्ध केला. गुन्हेगारीकडे झुकलेल्या किशोरवयीन मुलांच्या एका गटाला त्यांनी पारंपरिक पद्धतीनं तायक्वांदो शिकवलं. त्यात ध्यान होतं, आदराचे नियम होते, हिंसा कुठे वापरायची नाही याची चर्चा होती. दुसऱ्या गटाला फक्त लढण्याचं तंत्र शिकवलं. सहा महिन्यांनी पहिल्या गटातली आक्रमकता घटली, दुसऱ्या गटातली वाढली. खेळ एकच होता. पुढे २००४ मध्ये लेक्स आणि हॉइट यांनी प्राथमिक शाळेतल्या दोनशेवर मुलांना तीन महिने अशाच मूल्याधारित पद्धतीनं शिकवून पाहिलं. स्वतःवर ताबा ठेवणं आणि वर्गातली वागणूक, दोन्हींत नेहमीच्या पीटीच्या तासापेक्षा जास्त सुधारणा दिसली. याउलट नॉर्वेतल्या एंद्रेसेन आणि ओल्वेयस यांच्या २००५ च्या अभ्यासात बॉक्सिंग, कुस्ती, वेटलिफ्टिंग आणि मार्शल आर्ट्समध्ये गेलेल्या मुलांचं खेळाबाहेरचं वागणं बिघडलेलं आढळलं. हे अभ्यास वेगवेगळ्या वयांचे आहेत, काही फार लहान आहेत, त्यांच्यावर फार मोठी इमारत उभी करू नये हा आक्षेप मला मान्य आहे. पण कला शिकली म्हणजे स्वभाव आपोआप सुधारतो, हे त्यांतला एकही अभ्यास सांगत नाही. एवढं कळलं तरी पालकांची नजर फलकावरून शिक्षकाकडे वळायला हवी.

शिस्तीबद्दलचा गैरसमज जास्त घातक आहे. सर कडक आहेत, हे आपल्याकडे कौतुकानं सांगितलं जातं. एप्रिल २०२१ मध्ये तैवानमधल्या ताइचुंग शहरात ज्युदोच्या वर्गात सात वर्षांच्या मुलाला वीसहून अधिक वेळा आपटलं गेलं. डोकं दुखतंय असं तो सांगत होता. नंतर तो कोमात गेला आणि दोनेक महिन्यांनी वारला. शिकवणाऱ्याला पुढे तुरुंगवास झाला. या घटनेत मला सगळ्यात अस्वस्थ करणारी बाब ही वाटते, की मुलाचा काका तेव्हा तिथेच हजर होता. गुरूला मध्येच अडवायचं नसतं, हा संस्कार आपल्याकडेही तितकाच पक्का आहे आणि मुलाच्या जिवाशी गाठ असते तिथे तो मोडायलाच हवा. यावरून ज्युदोच वाईट, असा निष्कर्ष मात्र काढू नये. जपानच्या माध्यमिक शाळांत १९८३ ते २०११ या काळात ज्युदो करताना शंभरहून अधिक विद्यार्थी दगावल्याचं नागोया विद्यापीठातल्या संशोधकानं नोंदीवरून दाखवून दिलं. फ्रान्समध्येही लाखो लोक, त्यांत असंख्य लहान मुलं, ज्युदो खेळतात. पण तिथे मृत्यूंची अशी मालिका दिसत नाही. फ्रान्सनं १९५५ मध्येच कायदा करून ज्युदो शिकवायला सरकारी पदविका सक्तीची केली होती. दोन्हीकडे खेळ तोच आहे, शिकवणाऱ्याची तयारी वेगळी आहे.

दुखापतीच्या भीतीनं काही पालक हा विषयच टाळतात, त्याचीही गरज नाही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ च्या अहवालात या खेळांतल्या बहुतेक दुखापती मुका मार आणि मुरगळणं अशा असल्याचं नोंदवलं. त्यांचा भर होता तो स्पर्श न करता होणाऱ्या सरावावर आणि डोक्यावर फटका मारायला गुण देणारे नियम बदलण्यावर. मऊ हेल्मेट घातलं म्हणजे मेंदूला धक्का बसत नाही, हा दिलासाही खरा नाही. म्हणून क्लास बघायला गेल्यावर आधी जमिनीकडे पाहा. फरशीवर ज्युदो शिकवत असतील तर तिथूनच परत फिरा. मॅट असेल तर तुकड्यांमध्ये फटी पडल्या आहेत का, पायाची बोटं अडकतील का, हे बघा. मग नवीन मुलांना काय शिकवतात ते पाहा. चांगल्या ज्युदो वर्गात कुणाला पाडायच्या आधी पडायला शिकवतात: हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, हात तिरका पसरून तळव्यानं मॅटवर थाप मारायची. आधी बसून, मग उकिडवं, मग उभं राहून, असे आठवडेच्या आठवडे जातात. कराटेत मूठ समोरच्याच्या अंगाआधी थांबवता येणं, हेच कौशल्य असतं. फरशीवर उघड्या बोटांच्या पेरांवर जोर काढायला लावणं, कौलं फोडायला लावणं, पाय फाकवून वरून दाबणं, हे वाढत्या हाडांशी केलेले खेळ आहेत. जिथे ते चालतात तिथे मूल पाठवू नये.

बेल्टबद्दलही फार भाबडेपणा आहे. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी काळ्या पट्ट्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणली. मधले रंग बरेच नंतर, युरोपात रूढ झाले. मुलांना छोटे टप्पे लागतात, त्यामुळे रंगांवर माझा आक्षेप नाही. पण दर तीन महिन्यांनी ग्रेडिंग, प्रत्येक ग्रेडिंगची वेगळी फी आणि कुणीच कधी नापास नाही, असं असेल तर परीक्षा मुलाची होत नसते. जागतिक तायक्वांदोची पातळी ठरवणारी कोरियातली कुक्कीवॉन ही संस्था पंधरा वर्षांखालच्या मुलांना ‘दान’, म्हणजे काळ्या पट्ट्याचा दर्जा, देतच नाही. त्यांच्यासाठी ‘पूम’ हा वेगळा दर्जा आहे. पदकांचंही तसंच. आपल्याकडच्या शालेय क्रीडा स्पर्धांचे गट मुख्यतः १४, १७ आणि १९ वर्षांखालचे असतात, तेव्हा सहा वर्षांच्या मुलाचं ‘राष्ट्रीय’ पदक पुढे दहावीच्या गुणांना उपयोगी पडेल ही आशा धरू नये. स्पर्धा नसेल तर मुलांना गोडी कशी लागणार, असं प्रशिक्षक विचारतात. उत्तर जपाननं दिलं आहे. पालक आणि प्रशिक्षक जिंकण्याच्या मागे लागून लहान मुलांची वजनं घटवू लागले, म्हणून तिथल्या ज्युदो महासंघानं २०२२ मध्ये प्राथमिक शाळेची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली.

मुलींच्या बाबतीत स्वसंरक्षण हे कारण हमखास पुढे येतं. त्यामागची काळजी खरी आहे, पण आठ वर्षांची मुलगी मोठ्या पुरुषाला चीत करील असं सांगणारा तिला धोक्यात घालतो. शिवाय राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार बलात्काराच्या दहांतल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. मोठ्यानं ‘नाही’ म्हणणं, तिथून निघून जाणं आणि घरी येऊन सांगणं, हे तीन धडे कुठल्याही लाथेपेक्षा मोलाचे आहेत. हीच कसोटी क्लासलाही लावा. हात-पाय धरून चूक दुरुस्त करताना सर आधी विचारतात का? एकट्या मुलाला थांबवून घेतात का?

आम्हाला कराटेतलं काही कळत नाही, मग पारख कशी करणार, असं पालक म्हणतात. वर सांगितलेलं पाहायला कराटे यावं लागत नाही. वयाचीही घाई नको. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तीन तास हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि ती अंगणातल्या खेळातून मिळते. सहाव्या-सातव्या वर्षी सूचना ऐकून रांगेत उभं राहता आलं की पुरे. जवळ चांगला मल्लखांबाचा वर्ग किंवा मायेनं शिकवणाऱ्या वस्तादांची तालीम असेल, तर ती लांबच्या नावाजलेल्या डोजोपेक्षा केव्हाही बरी. वर्षाची फी एकदम भरू नका. आधी एक पूर्ण तास भिंतीशी बसून पाहा, महिनाभरानं न सांगता पुन्हा जाऊन बसा. पालकांना आत बसू देत नाहीत, असं जिथे सांगतील, तिथे मुलाचं नाव घालू नका.