भीतीपासून पळू नका, तिला ओसरू द्या



उसात शिरताना गमबूट घालणे, रात्री पाणी पाजायला जाताना बॅटरी व काठी नेणे, याला आम्ही भीती म्हणत नाही. ते शहाणपण आहे. पण पडलेली दोरी पाहूनही घाम फुटावा, बांधाकडे पाय वळेनासे व्हावेत, उभे पीक दुसऱ्यावर सोडावे लागावे, तर तो आजार समजावा. डॉक्टर त्याला फोबिया म्हणतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये दूधगंगेचा पूर आपण पाहिला. असा प्रसंग भोगलेल्याला पुढे नुसत्या पावसाच्या आवाजानेही धडकी भरू शकते.

दुसरा प्रकार पॅनिकचा, म्हणजे घाबरण्याच्या झटक्याचा. काही कारण नसता छाती धडधडते, श्वास अपुरा पडतो, बोटांना मुंग्या येतात, आता मरण आले असे वाटते. झटका बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. तरीही छातीत दुखल्यास घरी अंदाज बांधत बसू नये. आधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्यावे. थायरॉइडच्या विकारातही धडधड होते. तंबाखूची ओली पाने हाताळताना निकोटीन कातडीतून अंगात जाते. चक्कर, मळमळ होते. फवारणीच्या औषधाची बाधाही होऊ शकते. म्हणून त्या दिवशी शेतात काय काम केले, तेही डॉक्टरांना सांगावे.

भीती वाढते कशाने? पळण्याने. बांधावरून परत फिरले की लगेच बरे वाटते, आणि मन शिकते की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती घरातच गाठते. उपचार याच्या उलट आहे. जोसेफ वोल्पे या डॉक्टरांनी १९५८ साली पायरीपायरीने भीती घालवण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. आधी सापाचे चित्र पाहावे, मग बांधावर उभे राहावे, मग सोबती घेऊन सरीत उतरावे. प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबावे. घाई नको, माघारही नको. झटका आल्यास श्वास सावकाश सोडावा.

काहींना गोळ्याही लागतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून त्या मनाने बंद करू नयेत. झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, आणि दारूने भीती दुसऱ्या दिवशी दुप्पट होते.

अशा माणसाला भित्रा म्हणून हिणवू नये, बाधा समजून मांत्रिकाकडे नेऊ नये, श्रद्धा उणी पडली असेही म्हणू नये. प्रार्थना अवश्य करावी. पण हाड मोडले तर आपण प्रार्थनाही करतो आणि प्लास्टरही घालतो, तसेच हे आहे. धारवाडला डिमहान्स हे सरकारी रुग्णालय आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या टेली मानस क्रमांकावर फोन करून मोफत सल्ला घेता येतो. एकट्याला फोन करायचा धीर होत नसेल, तर घरच्यांनी शेजारी बसून लावून द्यावा.