बिऱ्हाड पाठीवर, बॉस कानाशी

१९८३ साली स्टीव्हन रॉबर्ट्स या अमेरिकन लेखकाने ओहायोतले घर सोडले आणि सायकलवर संसार लादला. सोबत सौर पॅनल आणि वहीएवढा संगणक. लेख लिहायचा, रस्त्याकडेच्या सार्वजनिक फोनवरून पाठवायचा, पुढच्या गावाला निघायचे. फोनच्या तारेला स्वतःहून जोडून घेईपर्यंत हा गडी संपादकाला सापडायचा नाही. ही चैन पुढच्यांच्या नशिबी नव्हती.

१९९७मध्ये त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स यांनी अशा फिरत्या कामकऱ्यांवर ‘डिजिटल नोमॅड’ नावाचे पुस्तक लिहिले. तरी पुढची वीसेक वर्षे हा मामला मुख्यतः फ्रीलान्सरांचाच राहिला.

मार्च २०२०च्या टाळेबंदीने पगारदारही त्यात ओढला गेला. २०२५पर्यंत एका वेळी २५ टक्केच कर्मचारी ऑफिसात लागतील, असे टीसीएसने जाहीर केले. बार्बाडोस आणि एस्टोनियाने २०२०मध्येच अशा फिरत्या नोकरदारांसाठी खास व्हिसा काढले. पुण्या-मुंबईचे आयटीवाले ‘वर्केशन’ म्हणत गोव्यात आसगाव, मोरजीला जाऊन राहिले. कोकणात आपल्या घरी परतलेले रेंजसाठी सड्यावर चढू लागले.

समुद्रकिनाऱ्यावरच्या लॅपटॉपचे फोटो खूप फिरले. वन-रूम-किचनमधल्या ओट्यावरच्या लॅपटॉपचा फोटो कोण काढणार? कुकरची शिट्टी झाली की माइक म्यूट करायचा, एवढीच काय ती सीमारेषा. सासू म्हणणार, ‘घरीच तर आहेस, जरा भाजी बघ.’ मॅनेजर म्हणणार, ‘घरीच आहेस ना, मग पटकन कॉल जॉइन कर.’ एकाच वाक्याने दोघेही त्या नोकरदार सुनेचा वेळ काढून घेत.

जागेची मोकळीक मात्र आली तशी गेली. ऑक्टोबर २०२३पासून टीसीएसनेच बहुतेकांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावले. रात्री अकराचा व्हॉट्सॲप मेसेज तेवढा मागे राहिला. म्हणजे कंपन्यांनी जागा परत घेतली आणि वेळही ठेवून घेतला. सौदा एकतर्फीच झाला.

वेळेची राखण कायद्यानेच होऊ शकते. फ्रान्सने २०१७मध्ये मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर फोन-मेल बंद ठेवण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करणे बंधनकारक केले. मदेइरा बेटावर नोमॅडांचे गाव वसवणाऱ्या पोर्तुगालने २०२१मध्ये मालकांवरच बंधन घातले : आणीबाणी वगळता कामाच्या वेळेबाहेर कर्मचाऱ्याशी संपर्क करायचा नाही. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी याच हक्काचे खासगी विधेयक डिसेंबर २०१८मध्ये लोकसभेत मांडले आणि डिसेंबर २०२५मध्ये पुन्हा मांडले. संसदेत खासगी विधेयकाचा कायदा झाल्याचा शेवटचा दाखला १९७० सालचा आहे.