नकलेचे कसब आणि मेंदूचे भिंग

शहाड स्थानकालगतच्या उल्हासनगरची ‘मेड इन यूएसए’वरून जुनी थट्टा आहे: ती अक्षरे म्हणे उल्हासनगर सिंधी असोसिएशनची! नकलेमागचे कसब या थट्टेत विसरले जाते. खुद्द अमेरिकेत मात्र एका उपकरणाची नक्कल व्हावी, अशीच त्याच्या कर्त्यांची इच्छा आहे. ते म्हणजे जेमतेम 25 ग्रॅमच्या उंदराच्या डोक्यावर बसणारा सूक्ष्मदर्शक.

2011 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात असा 1.9 ग्रॅमचा सूक्ष्मदर्शक सिद्ध झाला. इवलासा निळा दिवा, भिंगे, मोबाइलमध्ये असते तसली प्रकाशसंवेदी चिप. चेतापेशी उद्दीपित झाली की तिच्यात पेरलेले प्रथिन हिरवे चमकते, आणि उंदीर मोकळा हिंडत असतानाच ते टिपले जाते. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी सुमारे 3 ग्रॅमच्या अशाच उपकरणाचे आराखडे सर्वांना खुले केले. त्याच्याच साह्याने 2016 साली दिसले, की थोड्या अंतराने घडलेल्या घटनांच्या आठवणी काही समान पेशींत गुंफल्या जातात. वृद्ध उंदरांत ही गुंफण सैल पडते.

आराखडा फुकट असला तरी भिंगे आणि प्रथिने स्वस्त नाहीत, हे खरे. परंतु उपकरण म्हणजे परदेशातून मागवावयाची वस्तू, ही आपल्या विज्ञानशिक्षणात मुरलेली समजूत अधिक महाग पडते. जुळणीला लागणारा स्थिर हात शहाडच्या परिसरात आहे. त्याला प्रयोगशाळेचे दार कोणी उघडावयाचे?