मिठाईतील अदृश्य मेद

खडेबाजारात गिऱ्हाईक कुंद्याचा खवा चाखून पाहते. बालुशाही कशात तळली, हे मात्र विचारीत नाही. तेलावर हायड्रोजन वायूची प्रक्रिया अर्धवट करून ते थिजविले की त्यात ट्रान्स मेद उत्पन्न होतो. तो अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवून हृदयास बाधतो. तुपात मिसळलेले वनस्पती तूप उघडकीस यावे म्हणून त्यात शेकडा 5 तीळतेल सक्तीचे केले गेले, हे जुन्या व्यापारी बंधूंस स्मरत असेल. आता 1 जानेवारी 2022 पासून पदार्थातील एकूण स्निग्धांशात असा कृत्रिम मेद शेकडा 2 हून अधिक चालत नाही. बंद डब्यावर त्याचा आकडा छापावा लागतो. सुट्या मिठाईस असे लेबल नसते. दिवाळीस आमची पेढी हमालांस बालुशाही वाटते. हलवायास भाव दरवर्षी विचारला; त्याच्या भट्टीजवळचा डबा यंदा प्रथमच पाहिला.