नितळ पाण्यातला मासा थरावर सापडतो
पाणी आणि मासा : लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण नदीच्या डोहातली मासेमारी पाहिली. डोह, कपार, खडकामागची संथ धार, ओढ्याचं मुख. नदीत मासा कुठे मिळेल, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे एखादी जागा असते आणि ती जागा बाप मुलाला बोट करून दाखवतो. आजचं पाणी वेगळं आहे. ते खोल आहे, नितळ आहे, चहूबाजूंनी मोकळं आहे. तिथे बोट दाखवावं असं वर काहीच दिसत नाही.

आपलं तळोदा दोन पाण्यांच्या मधे आहे. दक्षिणेला तापी, तिच्यावर प्रकाशाचा बॅरेज आणि खाली १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाचा फुगवटा. उत्तरेला सातपुडा ओलांडला की नर्मदा, आणि तिच्यावर सरदार सरोवर. या सरोवराच्या बुडितात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं आली. त्यातली बरीच कुटुंबं तळोदा तालुक्यात सोमावल, रोझवा, नर्मदानगर, रेवानगर अशा वसाहतींत आली. काही मात्र डोंगरात वर सरकून पाण्याकाठीच राहिली. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला टेकलं. काठावरच्या विस्थापितांनी मच्छीमार सहकारी संस्था काढल्या. होड्या आल्या, जाळी आली. पाठीशी असलेलं ज्ञान मात्र वाहत्या नदीचं होतं, आणि ओळखीचे सगळे डोह आता कित्येक पुरुष पाण्याखाली होते.

अशा पाण्यात पहिली गोष्ट समजून घ्यायची ती थरांची. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि वरच राहतं. खालचं गार पाणी जड असतं, ते तळाशीच राहतं. कोमट पाण्यात एका अंशाचा फरकही मोठा ठरतो. २४ वरून २५ अंशांवर जाताना पाण्याची घनता जितकी घटते, ती ४ वरून ५ अंशांवर जाताना घटते त्याच्या सुमारे ३० पट असते. म्हणून आपल्याकडच्या खोल जलाशयात थोड्याशा फरकानेही दोन थर पक्के वेगळे होतात आणि वाऱ्याने सहजी मिसळत नाहीत. तळाशी बुडालेली झाडं, पालापाचोळा, शेतांची माती कुजत असते. त्या कुजण्यात तिथला प्राणवायू संपत जातो आणि वरून नवा येत नाही. हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, तेव्हा कुठे थर पुन्हा मिसळू लागतात. भर उन्हाळ्यात अगदी तळाला सोडलेलं जाळं त्यामुळे बहुधा रिकामंच वर येतं. तिथे माशाला श्वासच घेता येत नाही.

हे थर पाहायला महागडं यंत्र लागत नाही. पाण्याचा नितळपणा मोजायला वीस सेंटिमीटर व्यासाची गोल ताटली घ्या, तिचे चार भाग करून आळीपाळीने काळा-पांढरा रंग द्या, मधोमध दोरी ओवा आणि खाली वजन बांधा. अँजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये रूढ केलेल्या तबकडीचं हे रूप. दुपारी होडीच्या सावलीच्या बाजूने ती सोडायची आणि दिसेनाशी होते तिथे दोरी मोजायची. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात ती हातभरातच हरवते. गाळ बसला की बरीच खाली जाईपर्यंत दिसत राहते. तापमानासाठी जाड काचेची बाटली घ्या. तिला वजन बांधा, बूच लावा आणि बुचाला वेगळी दोरी बांधा. हव्या त्या खोलीवर बाटली गेली की बुचाची दोरी झटका देऊन ओढायची. बुडबुडे थांबले की बाटली भरली. ती झपकन वर घेऊन आत थर्मामीटर धरायचा. दर दोन मीटरला हे केलं की पारा जिथे एकदम उतरतो ती खोली सापडते. वहीत ती लिहून ठेवा, कारण तिच्या आसपासच पुढचं सगळं घडतं.

मोकळ्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती वाढतात त्या उजेड पोचतो तिथपर्यंत. त्यांच्यावर सूक्ष्म जीव, त्यांच्या मागे लहान चंदेरी माशांच्या झुंडी आणि त्या झुंडींच्या मागे शिकारी. आपल्याकडे असा मोठा शिकारी म्हणजे शिवडा. मीटरभराहून लांब वाढणारा, दिवसा आडोशाला राहणारा आणि अंधारात हिंडणारा. असा शिकारी मोकळ्या पाण्यात कसा वागतो, याचं एक बाहेरचं उदाहरण पाहा. उत्तर अमेरिकेच्या सरोवरांत मस्की नावाचा शिकारी मासा आहे. तो काठच्या पाणवनस्पतींत दबा धरतो, असंच गळकरी मानत. पण खोल, नितळ सरोवरांत मोठे मस्की काठ सोडून मधोमध फिरतात, सिस्को नावाच्या माशांच्या झुंडींमागे. तळापासून ते कितीतरी वर असतात. त्यांना तिथे तोलून धरतो तो थर आणि त्या थरातलं भक्ष्य.

त्यांना शोधण्याची तिथली रीत म्हणजे ट्रोलिंग, चालत्या होडीमागे खोटं आमिष ओढत नेणं. होडीचा वेग साधारण ताशी ५ ते ८ किलोमीटर. आमिष किती खोल जाईल हे सोडलेल्या दोरीची लांबी, तिची जाडी, आमिषाच्या तोंडाची पट्टी आणि वेग यांवर ठरतं. जाड दोरीला पाण्याचा अडसर जास्त, म्हणून ती आमिष वर उचलते. नुसतं वजन बांधून सोडलेलं आमिष वेग वाढला की वर येतं. पाण्याच्या मधल्या थरातला शिकारी मासा वर पाहून झडप घालतो, म्हणून आमिष त्याच्या किंचित वरून जायला हवं. होडी वळते तेव्हा आतल्या बाजूचं आमिष मंदावतं आणि बाहेरचं वेग घेतं. वळणावर आतल्या गळाला मासा लागला, तर पुढचे फेरे संथ घ्यायचे. एका माशाने सांगितलेली ही गोष्ट पुढच्या दहा फेऱ्यांना उपयोगी पडते.

आपल्या संस्थांचं पोट गिलनेटवर, म्हणजे माशाचे कल्ले अडकवणाऱ्या उभ्या जाळ्यावर चालतं, गळावर नाही. पण तत्त्व तेच लागू पडतं. जाळं पृष्ठभागालाच तरंगतं ठेवायचं की तरंडांना जोडलेल्या दोऱ्या लांबवून सहा-आठ मीटर खाली लोंबतं सोडायचं, हे वहीतल्या आकड्याने ठरवावं. नितळ पाण्यात दिवसा माशाला जाळं दिसतं, म्हणून ते तिन्हीसांजेला सोडावं आणि उजाडताना उचलावं. महाशीरचा हिशेब मात्र वेगळा. त्याची वीण वाहत्या, स्वच्छ, खडीच्या पाण्यात होते. पावसाळ्यात तो ओढ्यांच्या मुखाशी चढायला येतो, तेव्हा तिथे जाळं आडवं लावणं म्हणजे पुढच्या वर्षांचा मासा आजच संपवणं.

शेवटचा मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. सरदार सरोवराची किमान पातळी ११०.६४ मीटर आहे. म्हणजे पूर्ण पातळीपासून २८ मीटरचा चढउतार होऊ शकतो. पातळी उतरते तशी बुडालेल्या झाडांची खोडं पृष्ठभागाजवळ येतात. जाळी फाटतात, होड्या आपटतात आणि कष्टाने शोधलेला थर हलतो. पाणी किती आणि कधी सोडायचं हे काठावरचा मच्छीमार ठरवत नाही, पण त्याची किंमत तोच मोजतो. म्हणून पातळीची आगाऊ सूचना प्रत्येक मच्छीमार संस्थेपर्यंत, फळ्यावर लिहिता येईल अशा साध्या मराठीत पोचली पाहिजे. ज्यांची नदी या पाण्याखाली गेली, त्यांचा या पाण्यातल्या माशावर आणि या पाण्याच्या माहितीवर पहिला हक्क आहे. तबकडी, बाटली आणि वही संस्थेने यंदाच घ्यावी. दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की बापाला मुलाकडे सोपवायला नव्या पाण्याचंही ज्ञान असेल.

पुढील आठवड्यात : विणीचा काळ, मासेमारीची बंदी आणि जाळ्याची आस.