मजुरी वाढली, मग हाती उरते काय?

वालूर (ता. सेलू, जि. परभणी) : बाहेरच्या जगाला वालूरची ओळख आहे ती तेथील चक्राकार पायऱ्यांच्या बारवेमुळे. गाळाने भरलेली ही बारव गावकऱ्यांनी श्रमदानातून मोकळी केली आणि तिची छायाचित्रे देशभर पोहोचली. श्रमदानाची बातमी होते, श्रमाच्या दामाची मात्र क्वचितच होते. कापूस, सोयाबीन आणि तूर या तीन पिकांवर उभ्या असलेल्या या परिसरात ज्यांच्या नावे सातबारा नाही, किंवा असला तरी एक-दोन एकरांचाच आहे, त्यांच्या घरचा हिशेब गेल्या काही वर्षांत बिघडत गेला आहे. कागदावर मजुरी दरवर्षी वाढते, तरीही महिनाअखेर उधारी संपत नाही. असे का होते, हे समजून घ्यायचे तर मजुरीचा दर, कामाचे दिवस आणि खर्चाचा बदललेला तोंडवळा या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

रोजगार हमीच्या दरापासून सुरुवात करू. महाराष्ट्रात या योजनेची दैनंदिन मजुरी २०११ मध्ये १२७ रुपये होती. २०२५-२६ या वर्षासाठी ती ३१२ रुपये ठरविण्यात आली. म्हणजे चौदा वर्षांत जवळजवळ अडीच पट. ऐकावयास ही वाढ बरी वाटते. पण मजुराच्या घरात बचत म्हणून आणि मुलीच्या लग्नासाठी जे सोने घेतले जाते, ते दहा ग्रॅम सोने २०११ मध्ये साधारण २६ हजार रुपयांना मिळत असे. २०२५ मध्ये त्याने लाखाचा आकडा ओलांडला. तेव्हा तोळाभर सोन्यासाठी सुमारे दोनशे दिवस राबावे लागत होते, आता तीनशे वीस दिवसही पुरत नाहीत. सोने ही चैन आहे असे कोणी म्हणेल. परंतु बँकेत ठेव नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही, अशा कुटुंबाची अडीअडचणीची पुंजी तीच असते.

दरवाढ ठरते कशी, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. रोजगार हमीची मजुरी शेतमजुरांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेली होती. या निर्देशांकाचे पायाभूत वर्ष १९८६-८७ आणि त्यातील खर्चाची टोपली १९८३ च्या पाहणीवरून ठरविलेली. त्या टोपलीत दोन तृतीयांशांहून अधिक भार अन्नाचा होता. १९८३ चा शेतमजूर खरोखरच आपल्या कमाईचा मोठा हिस्सा ज्वारी, डाळ आणि तेलमिठावर घालवीत असे. आजचे चित्र निराळे आहे. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण भागात अन्नावरचा खर्च एकूण खर्चाच्या ४७ टक्के आहे. निम्म्याहून अधिक पैसा औषधपाणी, मुलांची शिकवणी, प्रवास, कपडालत्ता, मोबाइलचे रिचार्ज यांवर जातो. सेलूला दवाखान्यात जायचे तर रिक्षाचे भाडे, तपासणी, औषधे आणि बुडालेला रोज, असा चौपदरी खर्च होतो. मजुरीचा काटा मात्र चाळीस वर्षांपूर्वीच्या टोपलीवर हलत राहिला. या निर्देशांकाचे पायाभूत वर्ष बदलून २०१९ करण्यात आले ते २०२५ मध्ये!

दोन रुपयांची वाढ

या पद्धतीचा सर्वांत बोलका नमुना २०१८-१९ मध्ये दिसला. २०१७-१८ मध्ये महाराष्ट्रात मजुरीचा दर २०१ रुपये होता, पुढच्या वर्षी तो २०३ झाला आणि त्याच्या पुढच्या वर्षी २०६. दोन वर्षांत पाच रुपये. कारण सरळ होते. त्या काळात तूर आणि इतर शेतमालाचे भाव कोसळले होते. अन्नाचा भार अधिक असलेला निर्देशांक जागेवरच राहिला आणि मजुरीही त्याच्याबरोबर अडकली. मराठवाड्यातील अल्पभूधारकाला या एकाच घटनेने दोनदा मारले. शेतकरी म्हणून त्याच्या तुरीला हमीभाव मिळाला नाही आणि मजूर म्हणून त्याची मजुरी वाढली नाही. वालूरसारख्या गावात अर्धे वर्ष आपल्या तुकड्यावर आणि अर्धे वर्ष दुसऱ्याच्या बांधावर राबणारी माणसे थोडी नाहीत. 'शेतकरी विरुद्ध मजूर' हा शहरातील चर्चेत वारंवार येणारा झगडा त्यांच्या एकाच घरात नांदतो.

२०१९ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी जानेवारीत डॉ. अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने राष्ट्रीय किमान वेतन दिवसाला ३७५ रुपये असावे, अशी शिफारस केली. सरकारने किमान पातळी १७६ वरून १७८ रुपये केली. येथेही वाढ दोनच रुपयांची. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपन्यांवरील प्राप्तिकराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणण्यात आला आणि त्यापोटी तिजोरीवर १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा भार पडेल, असे सरकारनेच सांगितले. दोन्ही निर्णयांची कारणे वेगवेगळी असतील. ते एकमेकांशेजारी ठेवले की विषमता म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

अर्थतज्ज्ञ ज्यॉं द्रेझ यांनी कामगार विभागाच्या आकडेवारीवरून दाखविले आहे की, महागाई वजा केल्यास २०१४-१५ ते २०२१-२२ या काळात शेतमजुरांची मजुरी वर्षाला एक टक्क्याहूनही कमी गतीने वाढली. बांधकाम मजुरांची गती त्याहून कमी होती. दुसऱ्या टोकाला, जागतिक विषमता प्रयोगशाळेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये देशाच्या उत्पन्नापैकी २२.६ टक्के आणि संपत्तीपैकी ४०.१ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे होता. खालच्या निम्म्या लोकसंख्येच्या वाट्याला उत्पन्नाचा जेमतेम १५ टक्के भाग आला.

काम कुठे गेले?

दर हा हिशेबाचा एक भाग झाला. मजुराचे वार्षिक उत्पन्न दरापेक्षा दिवसांवर अधिक अवलंबून असते आणि दिवस घटत आहेत. खुरपणी आणि निंदणी हे बायकांचे हक्काचे काम होते. पावसाळ्यात आठ-दहा जणींच्या टोळीला एका शेतातून दुसऱ्या शेतात बोलावणे येई. तणनाशकाने ते बऱ्याच अंशी संपविले. सोयाबीनची काढणी गुत्त्याने दिली जाते आणि जेथे हार्वेस्टर पोहोचतो तेथे गुत्तेही उरत नाही. शेतकऱ्याला दोष देऊन चालणार नाही. सोयाबीनचा भाव हमीभावाखाली गेला की तो खर्च कोठे तरी कापणारच आणि कापता येण्याजोगा खर्च मजुरीचाच असतो. कापूस वेचणी तेवढी अजून हाताने होते. गुढीपाडव्याला साल ठरवून राहणारा सालगडीही आता पूर्वीसारखा दिसत नाही. त्या व्यवस्थेत गुलामी होती हे खरे, पण वर्षभराच्या ज्वारीची निश्चिती होती. तिच्या जागी रोजच्या रोज काम शोधण्याचे स्वातंत्र्य आले.

काम हवे असणारे हात मात्र वाढले आहेत. २००१ च्या जनगणनेत देशात शेतकरी १२ कोटी ७३ लाख आणि शेतमजूर १० कोटी ६८ लाख होते. २०११ मध्ये हे पारडे उलटले. शेतमजूर १४ कोटी ४३ लाखांवर गेले आणि शेतकरी ११ कोटी ८८ लाखांवर आले. तुकडे पडत गेलेली जमीन एखाद्या आजारपणात वा लग्नात विकली गेली की मालक मजूर होतो. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने मराठवाड्यातील पिके पाण्याखाली गेली, तेव्हा पिकाची मदत सातबाऱ्यावरील क्षेत्रानुसार दिली गेली. वेचणी आणि काढणीचे जे रोज वाहून गेले, त्यांचा पंचनामा करणारा तक्ता कोणत्याही तलाठ्याकडे नसतो.

मग उरते स्थलांतर. परभणी जिल्ह्यातून, विशेषतः गंगाखेड परिसरातून, ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात; काही पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनाला ३६६ रुपयांच्या घरात गेला. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसात दोन टन ऊस तोडतो असे धरले तरी माणशी रोज तेवढाच पडतो आणि तोही पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या कष्टाचा. त्यातून मुकादमाची उचल फिटावी लागते. हंगाम लवकर आटोपला की उचल अंगावर राहते आणि पुढचा हंगाम आधीच विकला जातो. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. काम बुडू नये म्हणून शरीराने दिलेली ही किंमत कोणत्याही निर्देशांकात नाही.

शहराचा हिस्सा

महाराष्ट्राने या प्रश्नाचे एक उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच शोधले होते, हे येथे सांगणे अगत्याचे आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यासाठीचा पैसा शहरातून यावा, ही त्यामागची दूरदृष्टी होती. १९७५ चा व्यवसाय कर याचसाठी आला. पगारदाराने महिन्याला थोडे द्यावे आणि त्यातून दुष्काळी गावातील माणसाला काम मिळावे. आजही पगारपत्रकात कापल्या जाणाऱ्या त्या दोनशे रुपयांचे मूळ येथे आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पण या कराची कमाल मर्यादा राज्यघटनेतच ठरलेली आहे. १९८८ मध्ये ती वर्षाला २५०० रुपये झाली आणि तेथेच थांबली. तेव्हापासून शहरातील वरच्या थरातील पगार कित्येक पटींनी वाढले. गावच्या कामासाठीचा त्यांचा हिस्सा तेवढाच राहिला.

सरकार काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जानेवारी २०२३ पासून पात्र कुटुंबांना माणशी पाच किलो धान्य मोफत मिळू लागले. जुलै २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजनेत पात्र महिलांच्या खात्यावर महिन्याला दीड हजार रुपये जमा होऊ लागले. खुरपणी गेलेल्या बाईच्या हाती ही रक्कम मोलाची आहे. हमीच्या २०२५-२६ च्या दराने ती पाच दिवसांच्या मजुरीएवढी भरते. धान्याने चूल पेटते. दवाखाना, शाळा आणि व्याज यांची तोंडमिळवणी मात्र मजुरीतूनच करावी लागते. २०२३-२४ मध्ये ग्रामीण भारतातील सरासरी दरडोई मासिक खर्च ४,१२२ रुपये होता. त्या वर्षीच्या २७३ रुपये दराने हमीचे पूर्ण शंभर दिवस मिळाले असते, तरी चौघांच्या कुटुंबाचा सरासरी खर्च पावणेदोन महिनेही भागला नसता. बाकीचे दहा महिने बचत गटाचे कर्ज आणि सावकार यांच्यावर निघतात.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीच्या जागी 'विकसित भारत – रोजगार आणि आजीविका हमी अभियान (ग्रामीण)' हा नवा कायदा मंजूर केला. त्यात १२५ दिवसांच्या कामाची हमी आहे. खर्चाचा ४० टक्के वाटा बहुतेक राज्यांवर टाकण्यात आला असून, पेरणी आणि काढणीच्या काळात एकूण ६० दिवस कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. शेतकऱ्याला मजूर मिळावा, हा त्यामागचा युक्तिवाद. वालूरच्या शिवारात याचा अर्थ असा की, ज्या मोजक्या आठवड्यांत मजुराला दर मागण्याची थोडीफार ताकद असते, नेमक्या त्याच आठवड्यांत त्याच्यापुढील दुसरे काम बंद असेल. वाढीव पंचवीस दिवस कोणत्या महिन्यांत पडतात आणि राज्य आपला चाळीस टक्के वाटा कोठून उभा करते, यावर मजुराच्या घरचा पुढचा हिशेब ठरेल. व्यवसाय कराची मर्यादा अद्याप २५०० रुपयेच आहे.