परदेशी निघालेली पाटी

पूर्वी घरातले कोणी विलायतेस निघाले म्हणजे सारी चर्चा गरम कोट आणि लोणच्याची बरणी यांभोवती फिरत असे. हल्ली त्यात लॅपटॉपची भर पडली आहे. आमची कन्या दोन वर्षांच्या शिक्षणासाठी जर्मनीत, श्टुटगार्टला जावयाची ठरली, तेव्हा महिनाभर आमच्या घरी दुसरा विषय नव्हता. शिक्षणासाठी कर्ज काढलेले. तेव्हा घेतलेले यंत्र शेवटच्या प्रबंधापर्यंत टिकलेच पाहिजे, ही खरी काळजी!

पहिला प्रश्न, येथे घ्यावा की तेथे? शेजारी म्हणाले, "तिकडेच घेऊ द्या." त्यात तथ्य आहे. युरोपीय संघात नव्या मालातील दोषाची जबाबदारी कायद्यानेच निदान दोन वर्षे दुकानदारावर असते. पण जर्मन कळफलकावर 'वाय' आणि 'झेड' यांनी आपापल्या जागा बदललेल्या, शिवाय ठिपकेवाल्या स्वरांना स्वतंत्र कळा! कन्या म्हणाली, "बाबा, भाषा नवी, गाव नवे, निदान बोटे तरी जुनीच राहू द्या." ते आम्हांला पटले.

मग हमीपत्र. पुष्कळ यंत्रांची हमी विकत घेतलेल्या देशापुरतीच असते. काहींचीच परदेशात चालते. एक दुकानदार म्हणाला, "चालेल हो साहेब, कुठेही चालेल!" मी म्हटले, "मग तेवढे लिहून द्या." त्याची लेखणी अडखळली, तशी आम्ही दुसऱ्या दुकानाची पायरी चढलो.

विजेची भीती मात्र बाळगू नये. जर्मनीत आपल्यासारखीच २३० व्होल्टची वीज. अमेरिकेत १२०, जपानात १००. चार्जरवर '१००–२४० व्होल्ट' असे छापलेले असले की तो सगळीकडे चालतो. आपला तीन पिनांचा प्लग तेवढा तिकडच्या भोकांत बसत नाही. तेथे गेल्यावर वायर बदलावी. विमानात लॅपटॉप हातातल्या सामानात ठेवावा. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीस सहसा हरकत नसते. सुटी बॅटरी किंवा पॉवर बँक मोठ्या पेटीत टाकू नये.

आता माझ्या व्यवसायाची गोष्ट. देवनागरीसाठी निराळे यंत्र लागत नाही. 'इनस्क्रिप्ट' ही कळफलकाची मांडणी बहुतेक संगणकांत आधीपासूनच असते, ती फक्त चालू करावयाची. स्वर डाव्या हाताशी, व्यंजने उजव्या हाताशी. बाराखडी येणाऱ्यास थोड्या सरावाने ती साधते. निघण्यापूर्वी मुलांकडून एवढे करून घ्यावे. यंत्राची हमी लिहून मिळते. घरी मराठीत पत्र येईल याची हमी मात्र कोणताच दुकानदार देत नाही.